नाकाची सही

घाडीमामा सोमवार ते शनिवार मासे खात नसत. मालवणकडच्या माणसाने, त्यातून करी रोडच्या चाळीत जन्म काढलेल्या माणसाने असं वागावं हे आमच्या पॅकिंग खात्यातल्या बायकांना पटत नसे. कुणी म्हणे माळ घातली असेल, कुणी म्हणे बायको गेल्यापासून सोडले असतील. खरं कारण कामाचं होतं. माशाचा वास बोटांत राहतो आणि मामांचं काम वास घेण्याचं होतं. रविवारी ते सुरमई खात, सोमवारी सकाळी चिंचेने हात घासून येत आणि तरीही पहिले दोन तास कुठल्याही पिंपावर मत देत नसत.

तंबाखू नाही, विडी नाही, डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही. मी कामाला लागले त्या पहिल्या आठवड्यातच हे सगळं लिहून काढलं होतं. नव्या जागी कोण कशावरून चिडतं याची यादी आधी करून ठेवावी, पुढचा त्रास वाचतो.

जागा म्हणजे लालबागमधला एक जुना गाळा. तिथे मध, गुलकंद आणि मोरावळा बाटल्यांत भरून विकणारी कंपनी होती. गिरणी संपाला तेव्हा वीसेक वर्षं होऊन गेली होती. आजूबाजूच्या गिरण्यांच्या चिमण्या उभ्या होत्या, पण धूर एकीतूनही येत नव्हता. मी सव्वीस वर्षांची, नायगावच्या बीडीडी चाळीतून चालत यायची. माझ्याकडे मालाच्या नमुन्यांची नोंदवही होती. मध पिंपांतून यायचा, प्रत्येक पिंपाचा नमुना निघायचा, घाडीमामा वास घ्यायचे, मी लिहायची, ते सही करायचे. मग तो माल पुढे जायचा किंवा परत जायचा.

वास घेण्याची त्यांची पद्धत ठरलेली होती. चिनी मातीच्या कपात दोन चमचे मध, वर बशी झाकलेली, कप कोमट पाण्याच्या परातीत. पाच मिनिटांनी बशी एकदाच उचलायची, नाक खाली न्यायचं आणि बशी परत ठेवायची. दुसऱ्यांदा ते वास घेत नसत. मी एकदा म्हटलं, खात्री करायला परत बघा ना. तर म्हणाले, "पयलो वास खरो, दुसरो आपलो." म्हणजे दुसऱ्या वेळी आपण आधीच काहीतरी ठरवलेलं असतं आणि तेच नाकाला सापडतं. दोन कपांच्या मध्ये ते खिशातल्या पत्र्याच्या डबीतून कच्च्या कापसाचा बोळा काढून हुंगत. त्याने नाक कोरं होतं म्हणत.

या पद्धतीपायी त्यांनी खात्यात गजरा बंद केला होता. एका श्रावणी शुक्रवारी मालनबाई मुद्दाम मोगरा माळून आल्या. बाटल्यांना झाकणं लावणाऱ्या बायकांच्या त्या पुढारी होत्या. मामांच्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आमच्या नवऱ्याला चालतो गजरा, तुमच्या मधाला चालत नाही होय?"

मामांनी मान वर केली नाही. "तुझ्या घोवाचां नाक पगारी नाय. माझां आसा."

सगळ्या हसल्या आणि गजरा खिडकीबाहेर गजाला लटकला. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता.

त्यांची परीक्षा घ्यायचा मोह मलाही झाला. नोंदी मी ठेवणार, तर ज्याच्या शब्दावर ठेवायच्या तो माणूस तपासून घ्यावा असा माझा सरळ हिशेब. मी पाच कप मांडले. त्यातल्या दोन कपांत एकाच पिंपातला मध होता आणि ते मी सांगितलं नव्हतं. मामांनी पाचही बश्या उचलल्या, ठेवल्या. दुसरा आणि पाचवा एकाच आईचे, असं म्हणाले. मग चौथ्याकडे बोट करून सांगितलं, मध बरा आहे, पण हा कप साबणाने धुतलास, राखेने धुवायचा. चौथा कप मी सकाळी घाईत साबणाने धुतला होता. त्यानंतर मी परीक्षा घेतली नाही.

भेसळीच्या मधाला त्यांचा एकच शब्द होता. बशी ठेवून म्हणायचे, "ह्याच्यात मिल आसा." मला कळायला महिना गेला. मामा संपाच्या आधी गिरणीत सायझिंग खात्यात होते. कापड विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला खळ लावतात, ती खळ शिजवायचं काम त्यांचं. मोठमोठ्या टाक्यांत मक्याचं पीठ शिजायचं. ती कच्ची राहिली, आंबली, करपली, तर ते वाफेवरून सांगायचे. मधात घालायचा स्वस्त पाकही त्या वेळी बहुतेक मक्याचाच असे. प्रयोगशाळेच्या कागदाला जो पाक सापडत नसे तो मामांना सापडायचा, कारण पंधरा वर्षं त्या पिठाच्या वाफेत त्यांनी श्वास घेतला होता.

खळीची गोष्ट निघाली की ते मागांची गोष्ट सांगत. खळ बिघडली की सूत कमजोर होतं. मागावर ताण्याच्या प्रत्येक दोऱ्यात एक पातळ पत्री अडकवलेली असते. दोरा तुटला की पत्री खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. सायझिंगवाल्याने कागदावर काहीही लिहिलेलं असो, मुकादमाने शिव्या घातल्या तरी माग पुढे जात नाही. मग विणकर खात्यातून माणूस धावत यायचा आणि ओरडायचा, कुणी शिजवली रे आजची खळ? मामा हे फार अभिमानाने सांगत. माणूस लपवील, माग लपवत नाही.

संपाबद्दल मात्र ते बोलत नसत. जे कळलं ते मालनबाईंकडून, कारण त्या मामांच्याच चाळीतल्या. संपाला वर्ष होत आलं होतं. घरातली भांडी विकून झाली होती. मामांच्या बायकोचा भाऊ त्याच गिरणीत होता आणि संपात होता. एक दिवस तो बहिणीकडे जेवायला आला. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. पाटावर बसला. मामा त्याच्या शेजारी बसले आणि ताट सरकवून उठले. त्याच्या केसांना खळीचा वास येत होता. तो आठवडाभर चोरून आत कामाला जात होता आणि कुणाला पत्ता नव्हता. मामांनी आवाज चढवला नाही. मी बोलत नाही, माझं नाक बोलतं, एवढंच म्हणाले आणि दार उघडून उभे राहिले. मेव्हणा उठून गेला. तो पुन्हा त्या घरात आला नाही. बहीण वारली तेव्हासुद्धा तो थेट स्मशानात आला.

मालनबाईंनी हे सांगताना कुणाची बाजू घेतली नव्हती. फक्त म्हणाल्या, त्या मेव्हण्याची तीन पोरं होती.

संप मोडला नाही आणि संपलाही नाही, तसाच विरला. मामांची गिरणी पुढे कायमची बंद पडली. गिरणीत ते परमनंट होते, पासावर नंबर असलेले. तिथून पुढे वर्षानुवर्षं ते बदली कामगार, म्हणजे तात्पुरतेच, राहिले. आमच्या कंपनीत आले ते पिंपं उतरवायला. एक दिवस मोठ्या मालकांसमोर एका पिंपाजवळ थबकून म्हणाले, ह्याच्यात मिल आहे. मालक हौशी, त्यांनी चौकशी करवली आणि पुरवठा करणारा कबूल झाला. तेव्हापासून मामांना टेबल-खुर्ची मिळाली. हजेरीपटावर मात्र ते हमालच राहिले. दर सहा महिन्यांनी त्यांना आठ दिवसांचा ब्रेक मिळे आणि नवव्या दिवशी नवं कार्ड. त्या आठ दिवसांत माल अडायचा, म्हणून मला त्यांच्या खोलीवर कप घेऊन पाठवत. मी डबे घेऊन करी रोडला जायची आणि ते कामावर नसलेला माणूस म्हणून वास घेऊन द्यायचे. मी ते मागच्या तारखेने लिहायची. एकदा त्यांनी मला विचारलं, आपल्या कंपनीत परमनंटचं पत्र कसल्या कागदावर असतं, साध्या की जाड? मी म्हटलं, लेटरहेडवर. त्यांनी मान हलवली. त्यांना त्या पत्राखेरीज काही नको होतं. पगार वाढावा असं कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

सहीबद्दल ते इतके काटेकोर की एकदा चुकले तेव्हाही मला नोंद खोडू दिली नाही. जव्हारकडच्या एका आदिवासी माणसाने डोक्यावरून आणलेला मधाचा डबा त्यांनी आंबलाय म्हणून परत पाठवला. चार दिवस ते अस्वस्थ होते. पाचव्या दिवशी मला म्हणाले, तो आंबलेला नव्हता, कसल्या तरी कडू फुलाचा होता, तसला वास आधी कधी घेतला नव्हता. त्या माणसाला परत बोलवा. मी नोंद खोडायला पेन उचललं. "खोडू नको गो. खाली लिही, घाडी चुकलो." मी लिहिलं आणि त्यांनी त्याखाली सही केली. सही करायला त्यांना वेळ लागे. वासुदेव आत्माराम घाडी, पूर्ण, एकेक अक्षर सुटं.

मोठे मालक अंथरुणाला खिळले आणि धाकटे मालक आले. त्यांना माल परदेशी पाठवायचा होता. परदेशी गिऱ्हाइकाला घाडीमामा दाखवून चालणार नव्हतं. म्हणून मशीन आलं.

मशीन म्हणजे मिक्सरएवढी स्टीलची पेटी. मधाची बाटली कोमट पाण्यात ठेवायची, तिच्या झाकणातून दोन नळ्या पेटीत जायच्या. आत मसुरीएवढे आठ सेन्सर. बाटलीतली हवा त्यांच्यावरून ओढली की कॉम्प्युटरवर आठ कोनांची एक आकृती उमटायची, कोळ्याच्या जाळ्यासारखी. पेटीवर दोन दिवे, हिरवा आणि लाल. सोबत पुण्याहून देवधर नावाचा तरुण इंजिनियर आला होता. सगळे त्या पेटीला नाक म्हणत.

मला वाटलं होतं मामा रुसतील. उलट ते खूश झाले. गिरणीत दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, तशी त्यांनी पेटीला झेंडूची माळ घातली. देवधरने घाईघाईने ती काढली, सेन्सर बिघडतील म्हणून. मामा ओशाळले. त्यांच्या लक्षात यायला हवं होतं, फुलाचा वास.

मशीनला शिकवायचं होतं. दोनशे नमुने, प्रत्येक आधी मामांनी हुंगायचा, मग मशीनने. मामा म्हणतील ते मी कॉम्प्युटरवर टाइप करायचं, शुद्ध किंवा भेसळ. दोन महिने हे चाललं. मामा मशीनला पोरगा म्हणू लागले. पोरगो शिकता हा, म्हणायचे. दोनशे नमुने झाल्यावर देवधरने नवे वीस लावले आणि मामांशी पडताळले. एकोणीस जुळले. मामांनी त्या दिवशी सगळ्या खात्याला स्वतःच्या खिशातून चहा पाजला.

अडचण पुढच्या आठवड्यात झाली. आमचा सगळ्यात मोठा पुरवठादार उत्तरेकडचा होता. निम्मा माल त्याचा. मामा त्याची पिंपं वर्षानुवर्षं नाकारत आणि ती पिंपं वर्षानुवर्षं मागच्या दाराने आत येत, हे सगळ्यांना माहीत होतं. मामांचं मत वहीत राहायचं. पण आता मशीन आलं होतं आणि त्याचा छापील कागद प्रत्येक मालाबरोबर जाणार होता. मशीनने त्या पुरवठादाराची सगळी पिंपं लाल दिव्यावर ठेवली.

धाकट्या मालकांनी मला दुपारी केबिनमध्ये बोलावलं. दोनशेपैकी छत्तीस नमुने त्या पुरवठादाराचे होते. त्यांच्यापुढे भेसळच्या जागी शुद्ध लिहून मशीनला पुन्हा शिकवायचं होतं. त्यांचा आवाज अगदी सभ्य होता. म्हणाले, प्रयोगशाळा हा माल पास करते, सरकारी कागद पास करतो, मग एका माणसाच्या नाकासाठी आपण कंपनी बुडवायची का? यादी नव्याने करा, शुक्रवारपर्यंत. मामांची सही घ्या, कारण शिकवणारा तज्ज्ञ म्हणून नाव त्यांचं आहे. आणि हे त्यांचं पत्र, तेही देऊन टाका. पत्र लेटरहेडवर होतं, परमनंटचं. मालक एवढंच म्हणाले. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध आहे असं त्यांच्या तोंडून आलं नाही.

मी देवधरला विचारलं, असं केलं तर काय होईल. तो नळ्या पुसत होता. म्हणाला, "याला स्वतःचं मत नाही हो. आपण ज्याला शुद्ध म्हणू, तसं दिसलं की हा शुद्ध म्हणणार."

मी यादी केली. छत्तीस ओळी. दोन्ही कागद घेऊन मामांकडे गेले. त्यांनी आधी पत्र वाचलं, ओठ हलवत, दोनदा. मग यादी. मला वाटलं फाडतील. त्यांनी मला जिन्याशी बोलावून हळू विचारलं, "बाय, मशीन सोताच्या नाकान वास घेता मां?"

मी म्हटलं, "हो, घेतं."

ते खोटं नव्हतं. आठ सेन्सर वास घेतच होते. पण ते काय विचारत होते हे मला त्या क्षणी कळलं होतं. त्यांच्या डोक्यात माग होता. कागदावर कुणी काही लिहो, दोरा तुटला की पत्री पडणार आणि मशीन थांबणार. खोट्या यादीवर सही केली तरी पोरगा स्वतः हुंगेल आणि लाल दिवा लावील. सगळ्यांच्या समोर लावील. देवधरचं वाक्य मी त्यांना सांगायला हवं होतं. शुक्रवार दोन दिवसांवर होता आणि यादी माझ्या टेबलावरून हलायला हवी होती. मी सांगितलं नाही.

त्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि यादीच्या दोन्ही पानांवर सही केली. पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. सही करताना ते किंचित हसत होते, एखाद्याची गंमत करणाऱ्या माणसासारखे.

पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक आलं. दोन साहेब, एक बाई. त्या पुरवठादाराचं पिंप समोर उघडलं. मामा कंपनीचा नवा निळा शर्ट घालून मशीनशेजारी उभे होते. हवा ओढायला चार मिनिटं लागतात. त्या चार मिनिटांत त्यांनी लाल दिव्यावरून नजर काढली नाही.

हिरवा लागला.

मामा देवधरला म्हणाले, परत लाव. देवधरने मालकांकडे बघितलं. मालकांनी हसून मान हलवली. परत चार मिनिटं, परत हिरवा. मग मामांनी टेबलावरचा कप घेतला, पिंपातला मध घेतला, कोमट पाणी नाही, बशी नाही, तसाच नाकाशी नेला आणि मोठ्याने बोलले, "ह्याच्यात मिल आसा."

पाहुण्यांना काही कळलं नाही. मालकांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आमचे मामा गिरणीतले. त्यांना अजून सगळीकडे मिलचाच वास येतो. पण या मशीनचे मास्तर हेच बरं का. सगळं यांनीच शिकवलंय." आणि मला फाइल उघडायला सांगितली. मी उघडली. माझी फाइल व्यवस्थित असते, पान लगेच सापडलं. पाहुण्यांतली बाई सही बघून म्हणाली, किती सुंदर अक्षर, आणि तिने मामांशी हात मिळवला. मामांनी हात मिळवू दिला.

पाहुणे गेल्यावर मी कप धूत होते. मामा मोरीच्या दारात आले.

"तुका ठावक होतां?"

मी नळ बंद केला नाही. मामा "बरां" म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोके बांधायच्या कामावर बदली मागून घेतली. मशीनला आता त्यांची गरज नव्हती, लगेच मिळाली. परमनंट म्हणून ते आणखी चार वर्षं होते. ब्रेक नाही, कार्ड बदलणं नाही. एका मंगळवारी त्यांच्या डब्यात सुके बोंबील निघाले. मालनबाईंनी डोळे मोठे केले, तर म्हणाले, नाक रिटायर झालं, आता तोंडाची पाळी. बायका हसल्या. मी पुढच्या वर्षी दुसरी नोकरी धरली. वही नव्या मुलीला समजावून दिली. छत्तीस ओळींबद्दल तिला काही सांगायची गरज पडली नाही.

त्यानंतर मामा मला एकदाच दिसले. मे महिना होता. मी लालबागच्या मिरची गल्लीत वर्षाच्या मसाल्याचं सामान घ्यायला गेले होते. सुक्या मेव्याच्या एका दुकानापाशी ते पिशवी घेऊन उभे होते. वाळले होते, पाठ ताठ होती. त्यांच्या शेजारी एक तरुण बाई मधाची बाटली हातात घेऊन दुकानदाराला विचारत होती, हा खात्रीचा आहे ना, मुलीला रोज खोकल्याला द्यायचा आहे. बाटली आमच्या कंपनीची. दुकानदार म्हणाला, ताई, खात्री माझ्याकडून कशाला, हे मामा त्याच कंपनीत होते, मोठे तज्ज्ञ. मामा, सांगा यांना.

त्या बाईने झाकण उघडून बाटली पुढे केली. मामांनी ती घेतली नाही.

"माका आता वास येणा नाय, बाय. वय झालां."

बाईने बरं म्हणून झाकण लावलं आणि बाटली पिशवीत टाकली. मामा पुढच्या दुकानाकडे सरकले, धण्याच्या पोत्यापाशी. तिथल्या दुकानदाराने मूठभर धणे त्यांच्या तळहातावर ठेवले. त्यांनी हात नाकाशी नेला, एकदाच, आणि धणे परत पोत्यात टाकले. म्हणाले, हे गेल्या वर्षीचे, आतलं पोतं सोड. दुकानदार वाद न घालता आत गेला.

ती बाई तोवर रस्त्यापलीकडे पोचली होती. मी तिच्यापासून दहा पावलांवर होते. मीही तिला हाक मारली नाही.